निजघरातली तहान

"मल्लू, शेवटच्या हंड्याची वाकळ सरकलीय बघ. वर ओढ जरा."

आप्पा निजघराच्या उंबऱ्यात उभे राहून कुजबुजले. मी वाकळ वर ओढली, तिच्या कडा हंड्याच्या बुडाशी दुमडल्या आणि मागे वळलो. आप्पा अजून उंबऱ्यातच होते. एरवी ते आत येऊन प्रत्येक हंड्यावरून हात फिरवल्याशिवाय परतत नसत. आज त्यांचा एक हात चौकटीवर होता आणि दुसरा डाव्या कुशीत, बरगडीच्या खाली, जणू तिथून काहीतरी सांडू पाहत होते आणि ते त्यांनी दाबून धरले होते.

"काय झालं?" मी विचारले.

त्यांनी चौकटीवरचा हात सोडून बोट ओठांवर ठेवले. मग तसेच, ओठांवर बोट ठेवलेले, ते भिंतीला धरून खाली बसत गेले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग चुलीतल्या राखेसारखा झाला होता. कपाळावरून घाम निथळत होता. दुखणे लाटेसारखे कुशीतून जांघेकडे उतरत असावे, कारण त्यांचे अंग आधी आखडे आणि मग हळूहळू सैल पडे. पण तोंडातून आवाज नव्हता. एवढ्या यातनेत इतके गप्प राहता येते, हे मी त्या दिवशी पाहिले, आणि आश्चर्य असे की त्या वेळी मला त्यात काही वावगेही वाटले नाही. आत पाक निजला होता.

आमच्या घरी खडीसाखर होई. बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात चैत्रात यात्रा भरते, आणि देवापुढे ठेवायची सुताची खडीसाखर आमच्याच घरची असावी, असा आजोबांच्या काळापासूनचा पायंडा होता. पडवीत भट्टी आणि तिच्यावर मोठी कढई. पाक उकळला, दुधाचा शिपका देऊन त्यातली मळी वर काढली, दोन बोटांत धरून पाहिला, की तो आत सुते ताणलेल्या हंड्यांत ओतायचा, तोंडे फडक्यांनी बांधायची, हंडे आतल्या खोलीत नेऊन वाकळींत गुंडाळायचे, आणि मग काही दिवस तिकडे फिरकायचेसुद्धा जपून. त्या दिवसांत कोणी पाय आपटायचा नाही, दार लोटायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. हंडा हलला की पाक जागा होतो. मग सुतावर टपोरा दाणा धरण्याऐवजी सगळीकडे बारीक रवा पडतो. म्हणून ती खोली निजघर, आणि म्हणून आमच्या घरात सगळेच कुजबुजत बोलत.

लहानपणी मला वाटे की वाकळी पांघरलेले ते हंडे स्वप्ने पाहत असावेत. मी चोरपावलांनी आत जाऊन एखाद्या हंड्याला कान लावी. गोड, कोमट अंधारात एक सूत लोंबते आहे आणि त्याच्यावर कोणी न पाहता, कोणी न बोलता, काहीतरी पैलूदार वाढत आहे, या कल्पनेने मला झोप येई. कधीकधी मी तिथेच झोपून जाई. मग आत्या मला उचलून बाहेर आणी.

त्या दुपारीही आत्याच धावून आली. निलव्वा आत्या, आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, आणि माझी आई गेल्यावर या घराची झाली. हंड्यांत सुते ओवण्याचे काम तिचे. हातात सुताची गुंडी तशीच घेऊन ती उंबऱ्याशी वाकली.

"पुन्हा तेच?" तिने हळूच विचारले.

आप्पांनी मान हलवली.

"म्हणजे आधी झालं होतं?" मी म्हणालो.

"कंबरेत वारं धरलंय म्हणतोय गेली कित्येक वर्षं," आत्या म्हणाली. "वारं असं घामाघूम करतंय होय? ऊठ. रिक्षा बोलव."

डॉक्टर मुजावर पेठेत बसत. आप्पांहून थोडे लहान, आमच्या खडीसाखरेचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी आधी इंजेक्शन दिले, दुखणे ओसरू दिले, स्टँडजवळच्या सोनोग्राफीवाल्याकडे पाठवले, आणि संध्याकाळी ते काळे-पांढरे चित्र उजेडाकडे धरून म्हणाले, "मुतखडा. डाव्या मूत्रपिंडातून सुटून खाली येताना नळीत अडकलाय. ज्वारीच्या दाण्याएवढा. आणि उजवीकडं एक बारका बसलाय, तो अजून जागचा हललेला नाही."

"एवढासा दाणा?" आत्या म्हणाली. "आणि एवढं दुखणं?"

"नळी त्याहून बारीक असते, निलव्वाताई. ती त्याला पुढं ढकलायला आवळते, म्हणून दुखतं." मग ते आप्पांकडे वळले. "आता मला सांगा, हंगामात दिवसाकाठी पाणी किती पिता?"

आप्पा चित्राकडे पाहत राहिले.

"सकाळी तांब्याभर," आत्याने उत्तर दिले. "आणि रात्री, भट्टी विझल्यावर."

"आणि मधे? चैत्राच्या उन्हात, त्या भट्टीपुढं?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आप्पा, लघवीत क्षार विरघळलेले असतात. अंगातलं पाणी घामातून गेलं की लघवी कमी होते, आणि मग..."

"दाट होते," आप्पा म्हणाले. "दाट झालं की दाणा धरतो."

"हं."

"धागा कुठला असतो पण? सुताशिवाय धरतो कसा?"

डॉक्टर हसले नाहीत. "सूत लागत नाही. बसायला एवढीशी जागा मिळाली की पुरे. एकदा कण बसला की त्याच्यावर थर चढत जातात. तुमच्या हंड्यात जे व्हावं म्हणून तुम्ही धडपडता, ते तुमच्या पोटात आपसूक होतंय. म्हणून म्हणतो, पातळ ठेवा. दिवसभर, थोडं थोडं, लघवी फिकट होईस्तोवर पाणी प्या. रंग पिवळा दिसला की समजा कमी पडलं."

"मी तर कालपास्नं दूध बंद केलंय याचं," आत्या म्हणाली. "टोमॅटो पण. आणि कुळथाचं कढण देतेय."

"काल? काल तर वारं होतं ना?"

आत्याने नजर चुकवली. "संशय होता मला."

"दूध बंद करू नका. दूध-दही जेवणात असू दे, ते खडा करत नाही. कमी करायचं ते मीठ. लोणचं, पापड, तळलेली मिरची. पालक रोज नको. आणि कढण खुशाल द्या, त्यात निदान पाणी तरी आहे." त्यांनी एक औषध लिहून दिले. "खडा बहुतेक आपसूक पडेल. लघवी फडक्यातून गाळा. सापडला तर मला आणून दाखवा, कशाचा आहे ते तपासता येईल. पण एक ऐका." आता ते माझ्याकडे पाहत होते. "थंडी वाजून ताप आला तर माझ्याकडंसुद्धा यायचं नाही. थेट सोलापूर. अडलेलं पाणी आतल्या आत नासलं तर मूत्रपिंड जातं. कधी माणूसही जातो. तिथं तासाभराचा उशीर चालत नाही."

परत येताना रिक्षात आप्पा ते काळे-पांढरे चित्र पुन्हा पुन्हा पाहत होते. मला वाटले, त्यांना पटले आहे. आणि ते खरेच होते. आमच्या गावात ही गोष्ट त्यांच्याइतकी कोणाला पटणार होती?

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी भट्टी पेटवली.

मी पाण्याचा तांब्या भरून कढईशेजारी ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कढईपासून दूर नेऊन भिंतीच्या आडोशाला ठेवला, जसे एखाद्याचे तान्हे मूल बाजूला सरकवावे तसे, आणि परत येऊन झारा हाती घेतला.

आमच्या घराचा एक नेम होता. भट्टी पेटल्यापासून शेवटच्या हंड्याचे तोंड बांधेपर्यंत, झारा धरणाऱ्याने पाण्याला ओठ लावायचे नाहीत. पाकाला पाणी दिसले की दाणा रुसतो, असे म्हणत. आजोबांनी तो नेम अखेरच्या दिवसापर्यंत पाळला होता. त्यांना आम्ही सगळे बापू म्हणत असू. मी त्यांना पाहिलेले नाही. पण भट्टीपुढे ताठ बसलेले, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले बापू मला इतक्या वेळा सांगितले गेले होते की ते मला आठवत असल्यासारखेच वाटत. बापू गेले तेव्हा आप्पा पाच-सहा वर्षांचे असतील. बापूंची दुसरी कुठलीही आठवण त्यांना नव्हती. त्यांचा आवाज कसा होता, असे मी एकदा विचारले, तेव्हा आप्पा पुष्कळ वेळ विचार करून म्हणाले होते, "ते बोलत नसत. ते पाणीही पीत नसत."

त्या वर्षी पहिल्यांदाच, आप्पा जेवायला उठत तेव्हा झारा माझ्या हाती येऊ लागला होता. आणि मीही पाणी पीत नव्हतो. मला कोणी सांगितले नव्हते. कोणी सांगावे लागत नाही, इतका तो नेम घराच्या हवेत होता. दुपारी माझी जीभ टाळूला चिकटे, कढईतल्या वाफेत मला विहिरी दिसत, आणि त्या तहानेत एक प्रकारचा मोठेपणा वाटे. आत्या सूत ओवता ओवता माझ्याकडे पाही, आणि मी पाहिले की मान खाली घाली.

"आप्पा," मी त्या सकाळी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर बरोबरच म्हणाले. मला काय कळत नाही?"

"मग आजचा दिवस झारा मी धरतो. तुम्ही बाजूला बसून पाणी प्या. नेमही मोडत नाही."

त्यांनी झारा उचलून पाकाचा थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनीने दाबला आणि बोटे विलग केली. एक तार निघाली आणि तुटली. "यात्रेचा पाक आहे, मल्लू. तुझं बोट अजून बसलेलं नाही. पुढच्या वर्षी धर." मग जरा वेळाने, माझी समजूत घातल्यासारखे, "रात्री भरपूर पीन."

"रात्रीचं पाणी दुपारच्या कामाला येत नाही."

"कळतंय रे मला."

मी भट्टीत लाकूड सारले. भांडायला आवाज लागतो, आणि आमच्या घरात तो कोणी वाढवलाच नव्हता. आत्याने मधल्या दारातून सारे ऐकले. मळी काढायला दुधाचे माप म्हणून आम्ही एक लहानसे पितळी फुलपात्र वापरत असू. ते तिच्या हातात होते. ती काही बोलायला आली आहे असे वाटले. पण तिने दूध कढईत सोडले, फुलपात्र पदराने पुसले, आणि आत गेली.

असे काही दिवस गेले. आप्पा रात्री आज्ञाधारक मुलासारखे तांब्यामागून तांब्या रिकामा करत, पहाटे फडके तपासत आणि मान हलवत. खडा पडत नव्हता. दुखण्याची लाट येऊन जाई. ती आली की ते कढईच्या कडेला टेकत आणि डोळे मिटत, आणि त्या अर्धमिटल्या डोळ्यांनी ते मला हुबेहूब न पाहिलेल्या बापूंसारखे दिसत.

यात्रा तोंडावर आली त्या दुपारी शेवटचा पाक उतरला. हंडे आत गेले. मी हातपाय धुऊन आलो तर भट्टीपुढे आप्पा नव्हते. आत्याला विचारले; तिला वाटले, ते माझ्याबरोबर आहेत. परसात नव्हते. माडीवर नव्हते. मी निजघराचे दार हलकेच ढकलले.

आत नेहमीसारखा कोमट अंधार होता. झरोक्यातून उन्हाची एक काडी आत आली होती आणि तिच्यात धूळ सावकाश फिरत होती. वाकळी पांघरून हंडे ओळीने बसले होते, आणि ती सारी खोली एकच खोल श्वास घेत असल्यासारखी वाटत होती. मी परत फिरणार, तेवढ्यात मला दिसले की ओळीच्या टोकाची एक वाकळ थरथरते आहे.

मी पाहत राहिलो. लहानपणापासून ज्याची वाट पाहिली ते घडत होते, असे मला क्षणभर खरोखरच वाटले: एक हंडा जागा होत होता. मग वाकळीच्या कडेतून एक पाऊल बाहेर आले.

आप्पा गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. दात वाजू नयेत म्हणून त्यांनी पंच्याचा बोळा तोंडात धरला होता. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"जरा ऊब बरी वाटतीय," ते बोळा काढून म्हणाले. "पडू दे थोडा वेळ."

मी दाराशी जाऊन आत्याला हाक मारली, तीही कुजबुजूनच. ती आली, तिने आप्पांचे पाय चाचपले, आणि माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांचे शब्द आम्हा दोघांच्याही मनात एकाच वेळी उठले असावेत.

"रिक्षा आण," ती म्हणाली. "सोलापूरला न्यायचं."

"अक्का, आत्ता नको." आप्पांनी वाकळ गळ्याशी ओढली. "आजचे हंडे आत्ता निजलेत. मला उचलायला माणसं आत येतील, पाय लागतील. सगळा घाणा जाईल. देवापुढं काय ठेवायचं? संध्याकाळपर्यंत थांब. तोवर पाक थोडा तरी धरेल."

"संध्याकाळपर्यंत तू राहशील का?"

"बापू असते तर त्यांनीही..."

"बापूंचं नाव घेऊ नकोस."

आत्या हे मोठ्याने बोलली. निजघरात मोठ्याने बोललेले ते पहिले वाक्य असेल. मी दचकून हंड्यांकडे पाहिले. आप्पांनीही पाहिले. आत्याने पाहिले नाही. ती उठून बाहेर गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात ते दुधाचे माप होते, पितळी फुलपात्र. ती आप्पांच्या उशाशी जमिनीवर बसली.

"हे काय आहे सांग."

"माप," आप्पा म्हणाले. "दुधाचं."

"हे बापूंच्या पाण्याचं माप. त्यांचे पाय सुजायचे. पार गुडघ्यापर्यंत. बोट दाबलं की खड्डा पडायचा. वैद्यबुवांनी पाणी तोडलं होतं. सकाळी एवढं, दुपारी एवढं, रात्री एवढं. याच्यापलीकडं थेंब नाही. मीच पदराआड लपवून नेऊन देत होते. भट्टीपुढं लोक म्हणायचे, बापू, पाणी घ्या. ते काय सांगणार? मी आजारी आहे म्हणून सांगणार? माझं लग्न ठरत होतं. घरात दुखणं आहे म्हणून बोलणी मोडली असती. म्हणून म्हणायचे, पाक चुलीवर असताना मी पाणी घेत नाही. लोकांना ते भारी वाटायचं. मला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही."

झरोक्यातली उन्हाची काडी सरकून तिच्या गुडघ्यावर आली होती.

"मला वाटलं, ते गेले की त्यांच्यासंगं हे पण गेलं. पण तू मिसरूड फुटायच्या आधी भट्टीवर बसलास, आणि पहिल्याच दिवशी म्हणालास, अक्का, मी पण पाणी पिणार नाही. किती खूश होतास. मी काय बोलू? बापाचं तेवढंच तुझ्या हाती आलं होतं. तेवढंही काढून घेऊ?" तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "आणि आता हा बसतोय तसाच, ओठ फुटेस्तोवर. मला रोज वाटतंय, आज सांगावं. आज सांगावं."

आप्पा छताकडे पाहत होते. हुडहुडीने त्यांचे खांदे हलत होते, पण चेहरा अगदी स्थिर झाला होता. मग त्यांनी विचारले, "म्हणजे, तहान लागायची त्यांना?"

"लय लागायची. मी हे घेऊन गेले की आधी नुसतं त्याच्याकडं बघत बसायचे. मग ओठ लावायचे. एकदम पीत नव्हते. संपेल म्हणून."

"मला वाटायचं, त्यांना लागतच नाही." आप्पांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला लागायची, अक्का. रोज लागायची. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

आत्याने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मग आप्पांनी माझ्याकडे मान वळवली.

"मल्लू. उचल मला."

मी धावत जाऊन रिक्षा आणली, आणि रिक्षावाल्याने व मी त्यांना वाकळीसकट उचलले. दोन ओळींमधली वाट अरुंद होती. मी मागे मागे चालत होतो, आणि दारापाशी माझी टाच एका हंड्याला लागली. हंडा शेजारच्यावर आदळला. पितळेचा तो नाद त्या खोलीत घुमला, भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. माझे पाय थांबले.

"चल," वाकळीतून आप्पा म्हणाले. "त्याचं काय ऐकत बसतोस?"

सोलापूरच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी लघवीच्या वाटेने एक बारीक नळी वर सरकवून अडलेले पाणी मोकळे केले. ताप उतरायला वेळ लागला. मूत्रपिंड वाचले. आणखी रात्रभर घरी ठेवले असते तर काय झाले असते, हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही. फक्त चष्मा काढून पुसला. यात्रेला आमची खडीसाखर गेली नाही. आत्याने हंडे उघडले तेव्हा सगळ्यांत रवा पडला होता.

"मुजावरांकडं पाठव," आप्पा खाटेवरून म्हणाले. "चहाला होईल त्यांना."

काही आठवड्यांनी दुर्बिणीने खडा काढला आणि तो एका इवल्याशा बाटलीत घालून आप्पांच्या हाती दिला. त्यांनी बाटली खिडकीपाशी नेली. ज्या नजरेने ते सुतावरचा दाणा पाहत, त्याच नजरेने त्यांनी तो पाहिला. फिरवून, उजेड आडवा घेऊन. तपकिरी, खडबडीत, काटेरी दाणा.

"घाईचा नाही," ते म्हणाले. "थर सावकाश चढलेत. पुष्कळ वर्षं लागली असतील." मग बाटली माझ्याकडे देत, "निवांत जागा मिळाली त्याला."

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. आप्पा नाहीत, आत्याही नाही. पण ते दोघे मला जेव्हा आठवतात, तेव्हा त्या पुढच्या चैत्रातली सकाळ आठवते.

भट्टी पेटली होती. कढईशेजारी, पाकाला सरळ दिसेल अशा जागी, आत्याने पाण्याने भरलेला माठ ठेवला होता आणि त्याच्यावर ते फुलपात्र पालथे घातले होते. दुधासाठी तिने दुसरी वाटी काढली होती. आप्पा पाटावर बसले. माठाच्या अंगावर पाणी पाझरून ओले डाग पडत होते. आप्पा त्यांच्याकडे पाहत राहिले. ऊन पडवीच्या कडेपर्यंत आले, पाकाला पहिली उकळी फुटली, तरी ते पाहतच होते. मधल्या दारात आत्याचे सूत ओवणारे हात थांबले होते.

मग त्यांनी फुलपात्र उचलले, माठात बुडवले आणि काठोकाठ भरून घेतले. ते तोंडाजवळ नेले. पाण्यावर त्यांचा चेहरा हलत असावा, किंवा कदाचित दुसऱ्या कोणाचा; कारण ते तिथेच थबकले, आणि त्यांचे ओठ काहीतरी विचारल्यासारखे हलले.

फुलपात्र त्यांनी माझ्यापुढे धरले.

"आधी तू पी," ते म्हणाले.

मी दोन्ही हातांनी ते घेतले. लहानसेच होते. मी ते एका दमात प्यालो. माझा घोट गिळल्याचा आवाज त्या निःशब्द घरात एवढा स्पष्ट ऐकू आला की मला लाज वाटली, आणि मी चोरून निजघराच्या दाराकडे पाहिले.

आप्पांनी रिकामे फुलपात्र माझ्या हातातून घेतले, पुन्हा भरले आणि तोंडाला लावले. अर्धे पिऊन ते थांबले. उरलेल्या पाण्याकडे त्यांनी थोडा वेळ पाहिले. मग तेही प्याले, आणि फुलपात्र तिसऱ्यांदा माठात बुडवले.